अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

सुनेचा उजवा हात गाडीच्या दाराच्या कडीला चिकटला होता आणि ती ओरडत नव्हती. कमरेवरचा हंडा खाली पडला होता. पाणी तिच्या अनवाणी पायांखाली पसरलं होतं. तोंड उघडं, डोळे माझ्या दिशेला, पण मी तिला दिसत नव्हते. सगळं अंग बारीक हलत होतं, पीठ चाळताना चाळण हलते तसं. आवाज झाला तो फक्त हंड्याचा, तोही एकदाच.

भर दुपार होती. मी पडवीत उखळात वरई सडत होते. ती माझ्यापासून वीस पावलांवर.

मला लगेच कळलं. शाळा मी चौथीपर्यंत शिकले, आणि करंट लागलेलं माणूस कसं दिसतं ते काही शाळेत शिकवत नाहीत. ते मी लग्नानंतर बघितलं. माझा दीर तसा गेला. पावसात तार तुटून खाचरात पडली होती. बैलाने तिच्यावर पाय दिला आणि कोसळला. दीर बैलाचं शिंग धरून ओढायला गेला. त्याच्या मागून माझा नवरा धावला. मी नवऱ्याच्या कमरेला मिठी मारून त्याला चिखलात पाडलं. तो मला लाथा मारत होता, शिव्या देत होता. मी सोडलं नाही. दीर आमच्या डोळ्यांसमोर मेला. नवरा पुढे बरीच वर्षं जगला, पण त्या मिठीबद्दल मला कधी बरं बोलला नाही.

म्हणून मी सुनेकडे धावले ती तिला धरायला नाही. हातात मुसळ होतं, ते घेऊन धावले. खैराचं मुसळ, वाळून लोखंडासारखं झालेलं. पायात रबरी चपला होत्या. एरवी घरात मी चपला घालत नाही, पण पडवीची फरशी तापली होती म्हणून घातल्या होत्या. सांडलेल्या पाण्याच्या अलीकडे थांबले, मुसळ दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्या मनगटावर घातलं. पहिला घाव चुकला आणि गाडीच्या पत्र्यावर बसला. दुसरा बसला. हाड मोडलेलं मी ऐकलं. हात सुटला. ती मागच्या मागे चिखलात पडली.

श्वास चालत नव्हता.

सून म्हणजे माझ्या भावाची पोर. भावाची बायको लवकर गेली, तेव्हा ही पोर दुधाच्या दातांची होती. मोठी झाल्यावर मीच मागून घेतली मुलाला. भाऊ म्हणाला होता, "तुझ्याकडे देतो म्हंजे मी सुटलो." ती मला आत्या म्हणते, लग्नानंतरही आत्याच म्हणते. ती चिखलात पडली होती तेव्हा मला भावाचं ते वाक्य आठवलं नाही. मला एवढंच दिसत होतं की तिच्या नाकाजवळ माशी बसली आणि ती माशी उडाली नाही.

हे झालं कसं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझा मुलगा बरीच वर्षं ठाण्याकडे इमारतींच्या वायरिंगच्या कामावर होता. दुसऱ्याच्या हाताखाली भिंती फोडायचा, पाइप टाकायचा, तारा ओढायचा. मग परत आला. आमचा माळ जव्हारपासून फार लांब नाही. शिवाजी महाराज थांबले होते तो शिरपामाळ बघायला माणसं येतात, पावसाळ्यात धबधब्यांना येतात. त्याने माळावर चार तंबू टाकले. सुनेच्या हातची नाचणीची भाकर आणि चटणी खायला माणसं पैसे देतात हे मला आधी खरं वाटलं नाही. नंतर वाटलं.

मग घराच्या गाड्या यायला लागल्या. मुलगा त्यांना कॅरव्हॅन म्हणतो. आत पलंग, चूल, फ्रीज, संडास, सगळं. पहिली आली तेव्हा मी आत जाऊन बघून आले आणि म्हटलं, "एवढं सगळं संगं घेऊन फिरायचं तं घरीच का नाय ऱ्हायचं?" गाडीतल्या बाई हसल्या.

या गाड्यांना लाईट लागते. मुलाने ऐनाच्या झाडाखाली लोखंडी डबा बसवला, त्यात जाड पिनेचा सॉकेट. आणि डब्याच्या मागे छातीएवढा खोल खड्डा खणला, त्यात लोखंडी नळी उभी केली, भोवती मीठ आणि कोळसा भरला. तो अर्थिंगचा खड्डा. वर विटांचं तोंड ठेवलं, पाणी ओतायला. बायकोला सांगितलं, रोज एक हंडा.

मी विचारलं, "कशाला?"

"आये, माती ओली ऱ्हायली पाहिजे. गाडीत कुठं तार उघडी पडली तं तो करंट या नळीतून जमिनीत जातो. माणसाला लागत नाय."

"जमिनीत जाऊन काय करतो?"

"काय नाय. जिरतो."

"मग पाणी बी जिरवायचं आन करंट बी जिरवायचा. जमिनीची मजा हाय."

"एक हंडा, आये."

"एक हंडा म्हंजे एक खेप. ती तुझी बायको आणते. तू नाय आणीत."

तो हसला, सूनही हसली. पावसाळ्यात आणि थंडीत यावरून काही झालं नाही. जमीन ओली होती, हंडा ओतला काय आणि न ओतला काय.

उन्हाळा आला. आमच्याकडे पाऊस धो धो पडतो आणि सगळा वाहून जातो. होळी झाली की झरे आटतात. टँकर येतो, विहिरीत पाणी सोडतो, आणि बायका दोर घेऊन काठावर उभ्या असतात. जी उशिरा जाते तिला गाळ मिळतो. डोंगराच्या बाजूला एक झरा तेवढा पाझरतो, तिथे वाटीने पाणी भरायचं, एक वाटी भरायला कितीतरी वेळ बसायचं. सुनेची सकाळ पाण्यात जायची. मग ती येऊन एक हंडा लोखंडाच्या नळीला पाजायची. मला ते बघवेना.

चैत्रात मी तिला म्हटलं, "नको ओतू."

"ते विचारतात, आत्या."

"विचारलं तं सांग ओतते म्हणून."

तिने ऐकलं. ती माझं ऐकायची. त्या हंड्यावर माझ्या तीन बकऱ्या जगल्या. तेही खरं आहे म्हणून सांगते.

महिनाभर खड्ड्यात थेंब पडला नाही. त्या महिन्यात तंबूतली माणसं आली, पण घराची गाडी एकही आली नाही. मग ही आली.

पांढरी, उंच, आमच्या घराच्या छपराच्या पाख्याला लागेल एवढी. नवरा-बायको होते, पन्नाशीचे. बायको शांत. नवरा बोलका आणि काळजी घेणारा. गाडीची एवढी काळजी घेणारा माणूस मी पाहिला नव्हता. चाकांखाली लाकडाचे ठोकळे ठेवले, गाडी समपातळीत उभी आहे का ते बघितलं, मग एक पिवळा डबा काढला. त्याला दोन्हीकडून जाड केबल. मला म्हणाला, "आजी, हा आधी लावायचा. मग गाडी. याच्याशिवाय मी कुठल्याही पॉइंटला गाडी जोडत नाही."

"काय करतो ह्यो?"

"लाईट कमी आली, जास्त आली, तर आत सोडतच नाही. एका ठिकाणी रात्रीत व्होल्टेज चढलं आणि माझा चार्जर जळाला. फ्रीजही जाता जाता राहिला. त्यानंतर हा घेतला."

त्याने डबा आमच्या सॉकेटला लावला. डब्यावर आकडा आला, दोनशे पंचवीस. तो म्हणाला चांगला आहे. पण त्याच्या खाली लाल दिवा लागला आणि डब्याने लाईट पुढे सोडली नाही. त्याने काढून परत लावला. परत लाल. तिसऱ्यांदाही लाल.

मुलगा येऊन बघून गेला. "अर्थ दाखवत नाय. नळीची क्लिप सैल झाली असंल." मग बायकोकडे वळला. "पाणी ओततेस ना?"

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी पडवीत तांदूळ निवडत होते. मी सुपातून मान वर केली नाही.

"ओतते," ती म्हणाली.

तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. एवढं साधं होतं. "मीच नको म्हटलं" एवढंच. मी खडा शोधत बसले.

मुलाला जव्हारला जायचं होतं, तंबूवाल्यांसाठी सामान आणायला. तो पाहुण्याला म्हणाला, "दोन तासात येतो, मग उघडून बघतो. तवर लाल दिवा हाय तं लावू नका." पाहुणा म्हणाला हो. मुलगा मोटारसायकल काढून गेला.

आता पाहुण्याचं सांगते. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या बायकोचं डोकं चढलं होतं, माळावर सावली नाही, गाडीचा पत्रा तापून तव्यासारखा. तिने आतून दोनदा विचारलं एसी कधी लागेल. मी ऐकत होते. तो तिला म्हणाला, "व्होल्टेज बरोबर आहे. नुसता अर्थचा दिवा आहे. आपल्या जुन्या घरी तरी अर्थिंग कुठे होतं?" आणि पिवळा डबा काढून बाजूला ठेवला आणि केबल सरळ सॉकेटला लावली. एसी घुमायला लागला. ती आतून म्हणाली, "आता बरं."

त्याला वाटत होतं की तो डबा फ्रीज आणि एसी वाचवायला आहे. आम्हालाही तेच वाटत होतं. सामानाला धोका दिसला असता तर त्याने तो काढला नसता. माणसाचं कोणाच्या मनात आलं नाही.

थोड्या वेळाने माझी एक बकरी गाडीकडे गेली. गाडीला खाली लोखंडी पायरी असते, तिच्यावर गाडीचं पाणी गळलं होतं. बकरीने पायरीला जीभ लावली आणि अशी उडी मारली की चारही पाय जमिनीवरून सुटले. ओरडत घराच्या मागे पळाली. मी हसले. सून हंडा उचलत होती, तिला म्हटलं, "बघ, शेहराची पायरी हिला गोड नाय लागली."

सून म्हणाली, "आत्या, तिला काय झालं?"

"काय झालं? चटका बसला असंल. पत्रा तापलाय."

सून पाहुण्यांना प्यायचं पाणी द्यायला गेली. दोन्ही हात हंड्याला होते, पाणी हिंदकळून तिच्या पायांवर आलं होतं. दार बंद होतं. आत एसी घुमत होता, हाक ऐकू गेली नसती. तिने हंडा कमरेवर टेकवला आणि दार ठोठावायला कडी धरली.

हे असं झालं.

मुसळाने हात सोडवला तेव्हा पत्र्यावर जो घाव बसला, त्याचा आवाज आत गेला. दार उघडलं. पाहुणा बनियनवर दारात उभा, अनवाणी, एक हात दाराच्या लोखंडी दांड्याला. "काय झालं? काय पडलं?" असं म्हणत त्याने पाय पायरीवर टाकायला उचलला.

मी मुसळ त्याच्या तोंडासमोर धरलं. "पाय खाली टाकशील तं डोकं फोडीन!"

तो जागच्या जागी थांबला. त्याला वाटलं म्हातारी वेडी झाली. मग त्याने माझ्या मागे बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. तो परत उतरायला निघाला.

"उतरू नको! गाडीत करंट हाय! आतलं बटण बंद कर! मोठं बटण!"

मला विजेतलं फार कळत नाही. पण आत होता तोवर तो जिवंत होता, आणि जी खाली उभी होती ती पडली होती, एवढं मला दिसत होतं. तो आत पळाला. खट्ट आवाज झाला आणि एसीची घुमघुम थांबली. माळावर एकदम काहीच ऐकू येईना.

"केलं, केलं बंद," तो ओरडला.

"उडी मार. गाडीला हात नको लावू."

तो उडी मारून खाली पडला, गुडघ्यावर. त्याच्या मागून बायको आली, तिनेही उडी मारली. ती शांत बाई. ती कोणाशी काही न बोलता सुनेजवळ गेली, तिची मान मागे केली, नाक दाबलं आणि तिच्या तोंडाला तोंड लावलं. मला काय चाललंय ते कळेना. मी मुसळ परत उचललं होतं. नवऱ्याने माझा हात धरला. "आजी, थांबा, ती श्वास देतेय. तिला येतं. ऑफिसात शिकवलंय."

तिने किती वेळा फुंकलं मी मोजलं नाही. छातीवर दोन्ही तळवे ठेवून दाबायची, परत फुंकायची. सुनेची छाती फुगायची आणि बसायची, भात्यासारखी. स्वतःहून काही नाही. ओठ जांभळे झाले होते, पिकल्या जांभळासारखे. मी उभी होते. मला रडू आलं नाही. मी माझ्या मनात एकच गोष्ट घोकत होते की मुलगा आल्यावर त्याला काय सांगायचं. मला माझी लाज वाटते त्या वेळची. पोर मरत होती आणि मी उत्तर शोधत होते.

मग सून खोकली. वांती केली. परत खोकली. डोळे फिरवले. शहरातली बाई मागे बसली, तिचं तोंड सुनेच्या वांतीने भरलं होतं, तिने ते हातानेच पुसलं आणि म्हणाली, "दवाखाना. आत्ता."

मुलगा मोटारसायकल घेऊन गेलेला. माळावर गाडी एकच होती.

पाहुण्याने सॉकेटच्या डब्याकडे हात नेला, केबल काढायला. तो डबाही लोखंडाचा. मला नुसतं बघून भीती वाटली, म्हणून त्याला थांबवून मी घरात पळत जाऊन भिंतीवरचा मेन स्विच पाडला. तो वर आहे, मुसळाच्या टोकाने पाडला. नंतर वायरमन म्हणाला ते बरं झालं; गाडीचं आतलं बटण बंद नसतं तर त्या डब्यालाही तोच करंट होता, अर्थची तार दोघांना एकच. मी मुसळाऐवजी आधी प्लग काढायला गेले असते तर दोघी गेलो असतो. हे ऐकून मी दोन दिवस जेवले नाही. धोका झाल्यावर कळला की तो जास्त लागतो.

केबल निघाली. पाहुण्याने सुनेला उचललं. दारापाशी मी पुढे झाले. "आधी तू हात लाव."

"आजी, आता काही नाही, केबलच काढली."

"लाव म्हणते ना."

त्याने सुनेला बायकोकडे दिलं, तळहाताची मागची बाजू पत्र्याला लावली, मग सगळा हात. मग म्हणाला, "बघा." मग मी कडी धरली. त्या गाडीत चढायला मला जेवढी भीती वाटली तेवढी मला पहिल्या बाळंतपणातही वाटली नव्हती.

सुनेला त्यांच्या पलंगावर ठेवलं, पांढऱ्या चादरीवर, चिखलासकट. बाई तिच्या मानेवर दोन बोटं ठेवून बसली. रस्ता वळणांचा आणि गाडी उंच, प्रत्येक वळणाला कपाटातल्या बशा वाजत होत्या. बाई ओठांत मोजत होती. मध्येच मोजायची थांबायची. थांबली की मी तिच्या तोंडाकडे बघायचे.

"का थांबलीस?"

"ठोका चुकला."

"किती चुकले?"

"मावशी, बोलू नका, मला मोजू दे."

एका वळणावर सुनेने डोळे उघडले. "आत्या, हंडा?"

"हंड्याला पोचा आला. गप पड."

"पाणी सांडलं."

"सांडू दे."

तिचे डोळे परत मिटले, झोपेत की कशात ते कळेना. बाईने मोजायला सुरुवात केली. मी सुनेचा मोडलेला हात मांडीवर धरून बसले होते. मनगट केळीच्या बुंध्याएवढं सुजलं होतं. तळहातावर कडीचा डाग, करवंदाएवढा, पांढरा आणि कडेने काळा.

जव्हारच्या सरकारी दवाखान्यात तिला आत घेतलं. छातीला तारा लावल्या. मी डॉक्टरणीला म्हटलं, "आणखी तारा कशाला? तारेनंच झालंय हे." ती म्हणाली, "आजी, या तारा काही करत नाहीत, फक्त ऐकतात." पडद्यावर रेघ उड्या मारत होती. मला रेघ वाचता येत नाही, पण मध्येच ती वेडीवाकडी व्हायची एवढं दिसायचं, आणि तेव्हा नर्स येऊन उभी राहायची. डॉक्टरीण म्हणाली, करंट हृदयातून गेलाय, दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही. आता बोलतेय म्हणून बरी आहे असं समजू नका.

मुलगा तिथेच आला. त्याला कोणीतरी बाजारात सांगितलं होतं. पाहुणा उठून उभा राहिला. "माझी चूक. मी डबा काढला. तुम्ही सांगितलं होतं आणि मी काढला." मुलाने त्याला काही केलं नाही. तो फक्त म्हणाला, "लाल दिवा होता ना? डोळ्यानं दिसत होता ना?" पाहुणा रडायला लागला. मला त्याचा राग आला. मला वाटलं, हा सगळं स्वतःवर घेऊन मोकळा होतोय आणि माझं माझ्याकडेच राहणार.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि वायरमन माळावर जाऊन आले. गाडीत पाणी तापवायची टाकी होती, तिच्यातली तार खराब होऊन करंट पत्र्यात उतरला होता. खड्डा ओला असता तर तो नळीतून जमिनीत गेला असता आणि फ्यूज उडाला असता, बस. पाहुण्याने जेवायच्या आधी भांडी धुवायला ती टाकी चालू केली होती. एवढंच.

मुलगा दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी येऊन बसला. नखांत राखेसारखी माती होती.

"खड्डा ठणठणीत कोरडा हाय, आये. हातभर खणलं तरी ओल नाय. कोळसा भाजल्यासारखा वाळलाय."

त्याने नखांतली माती काढली.

"ही ओतते म्हणाली. माझ्यासमोर म्हणाली. खोटं का बोलली ही?"

आत ती पडली होती. तिला विचारलं असतं तर तिने माझं नाव घेतलं नसतं. मी तिला ओळखत होते, माझ्या भावाची पोर. म्हणजे मी गप्प राहिले असते तर निभावलं असतं. आणि ती गेली असती तर ती खोटं बोलून गेली असंच माझ्या मुलाला आयुष्यभर वाटलं असतं.

"मी नको म्हटलं तिला," मी म्हटलं. "चैत्रापासनं. विचारलं तं ओतते सांग, असं बी मीच सांगितलं."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "काय केलंस मग त्या पाण्याचं?"

"बकऱ्यांना पाजलं."

तो उठला आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत तो तिकडे आणि मी इकडे. मधल्या बाकावर पाहुण्याची बायको होती. ते दोघं घरी गेले नव्हते. तिने मला चहा आणून दिला, त्याला दिला. आम्हा दोघांशी ती काही बोलली नाही आणि मी तिची त्याबद्दल आभारी आहे.

मुलाने नंतर काय काय बदललं ते इथेच सांगून टाकते. मुख्य डब्यात त्याने एक बटण बसवलं, माणसातून करंट जायला लागला की पापणी लवायच्या आत लाईन तोडणारं. ते आधीच बसवायला पाहिजे होतं हे तो स्वतः म्हणतो. लोखंडी डबा काढून प्लास्टिकचा लावला. गाडी आली की आधी तो अर्थ आहे का दाखवणारा दिव्यांचा प्लग लावून बघतो, मग व्होल्टेजचा आकडा बघतो, मग गाडी जोडतो, आणि जोडल्यावर टेस्टर पत्र्याला टेकवतो. टेस्टर पेटला तर गाडी परत. पाहुणे कुरकुरतात, कुरकुरू देत. खड्ड्यात हंडा मी स्वतः ओतते, आणि ओतताना दर वेळी मला धडकी भरते. गाडीच्या पत्र्याला मी अजून हात लावत नाही. कोणी पोर गाडीच्या दाराकडे पळालं की माझ्या तोंडून ओरड निघते, पाहुणे दचकतात. ते माझ्याच्याने थांबत नाही.

बकऱ्या मी विकल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात त्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेघ परत बिघडली. नर्स आली, डॉक्टरीण धावत आली, पडदा ओढला. आम्हाला बाहेर काढलं. मुलगा आपलं टोक सोडून आला आणि माझ्याजवळ उभा राहिला. पडद्याच्या खालून डॉक्टरणीच्या चपला दिसत होत्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी त्या चपलांकडे बघत होते. मला देवाचं नाव घ्यायचं सुचलं नाही. चपला थांबल्या की माझा जीव थांबायचा, हलल्या की परत चालू व्हायचा. मग त्या बराच वेळ एका जागी थांबल्या. मुलाने माझा दंड धरला. एवढा जोरात की निळा वळ पुढे आठवडाभर होता.

पडदा बाजूला झाला. डॉक्टरीण कपाळ पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "लागली वाटेला. पण आजची रात्र इथेच, उद्याची पण."

तिसऱ्या दिवशी रेघ सरळ चालली. चौथ्या दिवशी सकाळी छातीवरच्या तारा काढल्या, मोडलेल्या हाताला घातलेलं प्लास्टर तसंच ठेवलं आणि सुनेला घरी न्यायला सांगितलं. पाहुणे नवरा-बायको तोवर थांबले, मग गेले. त्यांना काही झालं नव्हतं. मला काही झालं नव्हतं. सून जगली.